मोहिंदर आंटींचे प्रश्न

जर्मन शिकणारी माणसं जगाच्या पाठीवर कुठेही असोत, प्रश्न तेच विचारतात, असं आमचे भसीन सर म्हणायचे. मुलगी नपुंसकलिंगी का? चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी ना धड हे ना धड ते, असं ठरवलं कुणी? ‘झी’ या एकाच शब्दाचे ‘ती’, ‘ते सगळे’ आणि ‘आपण’ असे तीन अर्थ, मग समोरचा कुणाबद्दल बोलतोय हे ओळखायचं कसं? चांगलं मधोमध बसलेलं क्रियापद अचानक उठून वाक्याच्या टोकाला का जाऊन बसतं? ‘अर्धा तीन’ म्हणजे अडीच, तर मग साडेतीनला म्हणायचं काय? सर हे प्रश्न बोटांवर मोजायचे आणि मूठ मिटून म्हणायचे, “बाकी सब इन्हीं के बाल-बच्चे हैं.” त्या वर्षी मला या सगळ्यांची उत्तरं तोंडपाठ होती. आज विचाराल तर निम्मी आठवतात, आणि जी आठवतात त्यांचाही मला रागच येतो.

माझा राग समजून घ्यायचा तर आमच्या घराची रीत सांगायला हवी. बाबा केंद्र सरकारच्या मोजणी खात्यात होते आणि आमचं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. मूळ गाव मिरज, पण मिरजेत आम्ही सुट्टीपुरतेच पाहुण्यासारखे. जबलपूरला मी कथ्थक सुरू केलं, दोन परीक्षा दिल्या, बदली झाली. सिकंदराबादला पेटी शिकायला लागले, बोटं जरा वळायला लागली, बदली झाली. डेहराडूनला टायपिंगचा क्लास लावला, तर परीक्षेच्या आधी आठ दिवस आमचं सामान ट्रकमध्ये चढलं. आई प्रत्येक गावात काहीतरी विसरून यायची, कुठे पोळपाट तर कुठे कुंडी. मी शिक्षणं विसरून यायचे. चंडीगडला आलो तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. बाबांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की पुढच्या मेपर्यंत इथे नक्की, त्यापुढे देव जाणे. मी बोटं मोजली. एका संस्थेत जर्मनचा प्रमाणपत्राचा वर्ग होता, जुलै ते मार्च. मार्चमध्ये परीक्षा, मेच्या आत हातात कागद, आणि त्या कागदावर पुण्यात थेट पुढच्या वर्गात प्रवेश. पुढे भाषांतराचं काम करायचं असं मी मनाशी ठरवलं होतं. जर्मनवर माझं प्रेम वगैरे काही नव्हतं. रशियनचा वर्ग दोन वर्षांचा होता, म्हणून जर्मन. आयुष्यात एक गोष्ट सुरू करून संपवायची, एवढाच माझा हट्ट होता.

आमचं सरकारी क्वार्टर तळमजल्यावरचं. पुढे जाळीचं दार, मागे विटांचं अंगण आणि अंगणाला लागून मागची गल्ली. पंजाब दहशतवादानं पेटलेला होता ते दिवस; पुढच्या रस्त्यावरून संध्याकाळी पोलिसांची जीप भोंगा लावून जायची: कोई भी लावारिस चीज़, ट्रांजिस्टर, टिफिन, ब्रीफकेस, हाथ न लगाएं. आई नेमकी त्याच वेळी कणीक मळायला बसलेली असायची आणि न चुकता म्हणायची, “ऐकलंस ना गं? कशाला म्हणून हात लावू नकोस बाई.” माझा धाकटा भाऊ नंदू आतून ओरडायचा, “आई, रोज़ वही बोलती हो यार!” त्यावर आईचं, “मराठीत बोल मेल्या, मराठीत!” हेही रोजचंच. मिरजेहून आणलेलं ज्वारीचं पीठ दिवाळीपर्यंत संपलं, मग आई मक्याच्या पिठाच्या भाकऱ्या थापायची. त्या तव्यावर टाकताना हमखास मोडायच्या, आणि आई पिठाला, पंजाबला आणि बाबांच्या खात्याला एकाच दमात शिव्या द्यायची. बाबा सकाळी पेपर वाचून झाला की तो गादीखाली सरकवायचे. बसमधून उतरवून मारलेल्या माणसांच्या बातम्या आईनं वाचू नयेत म्हणून. आई दुपारी तो काढून अक्षर न् अक्षर वाचायची आणि पुन्हा तशीच घडी घालून तिथेच ठेवायची. दोघांनाही हे ठाऊक होतं.

जर्मनचा वर्ग पूर्वी संध्याकाळी सहाला भरायचा म्हणे. आमच्या वर्षी तो तीनवर आला, कारण अंधाराच्या आत सगळ्यांना घरी पोचायचं असायचं. जवळच्या खरड गावाहून येणारा एक जण चार वाजल्यापासूनच घड्याळाकडे बघायला लागायचा, कारण त्याची शेवटची बस लवकर सुटायची. आठवड्यातून तीन तास ठरलेले. त्यात आज बंद, उद्या कर्फ्यू, परवा सरांच्या रस्त्यावर नाकाबंदी. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. सरांकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि जर्मनीतून आणलेल्या कॅसेट होत्या. पण ट्रान्झिस्टरमध्ये बॉम्ब ठेवण्याचे ते दिवस, त्यामुळे फाटकावरच्या पहारेकऱ्यानं तो दोनदा अडवला. दुसऱ्यांदा तर त्यानं मागचं झाकण उघडायला लावून सेल बाहेर काढून पाहिले आणि एक हरवला. त्यानंतर सरांनी तो आणणंच सोडून दिलं. म्हणजे नऊ महिन्यांत आम्ही जर्मन माणसाच्या तोंडचं जर्मन ऐकलंच नाही. आम्ही ऐकलं ते भसीन सरांचं, आणि भसीन सर लुधियानाचे.

तासाला वेळ कमी म्हणून सरांनी एक पद्धत काढली होती. वर्गात प्रश्न विचारायचा नाही. एक जाड वही होती, तिला आम्ही प्रश्नवही म्हणायचो. त्यात प्रश्न लिहून ठेवायचा. ज्याला सगळ्यात चांगलं येतं त्यानं ती घरी नेऊन लाल शाईनं उत्तरं लिहायची आणि सरांनी खाली सही करायची. ऑक्टोबरपासून लाल पेन माझ्याकडे आलं आणि मी टम्म फुगले. खरं सांगायचं तर माझी हुशारी निम्मी मराठीची होती. मुलगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून सगळा वर्ग डोकं धरून बसलेला, कारण हिंदी-पंजाबीत तिसरं लिंगच नाही. आम्ही मात्र जन्मापासून तो भात, ती आमटी, ते वरण असं जेवत आलेलो, आणि ‘ते मूल’, ‘ते पोरगं’ म्हणताना आम्हाला कधी काही वाटलेलं नाही. एकवीसला जर्मन लोक ‘एक आणि वीस’ म्हणतात याचं इंग्रजी शाळेतल्या मुलांना कोण नवल! मी त्यांना लाल शाईत सुनावलं होतं की एकवीस, बावीस, तेवीस हे तुम्ही घरी उलटंच म्हणता, तेव्हा बरं चालतं.

वर्गात आम्ही चौदा जण होतो आणि प्रश्नवहीतले निम्म्याहून जास्त प्रश्न एकट्या मोहिंदर आंटींचे असायचे. साठी ओलांडलेल्या, उंच, डोक्यावर पांढरी चुन्नी आणि पायात कॅनव्हासचे बूट. आमच्याच मागच्या गल्लीत, चार घरं पलीकडे राहायच्या. यजमान वारलेले, घरात त्या आणि विणलेल्या झाकणाखाली ठेवलेला टेलिफोन. त्यांचा मुलगा गुरमीत पाचएक वर्षांपूर्वी जर्मनीला गेला होता. गेला म्हणजे काय, दोनदा पोलीस त्याला चौकशीला घेऊन गेले, आणि तिसऱ्यांदा नेण्याच्या आत नातेवाइकांनी त्याला विमानात बसवलं. तिथे त्याला आश्रय मिळाला, पण तो घेतला म्हणून इकडे परतायची वाट बंद झाली. तिथेच त्यानं लग्न केलं. सून जर्मन, आणि चार वर्षांची नात अनिता. तिला पंजाबीचा एक शब्द येत नव्हता. आंटींनी पासपोर्टसाठी अर्ज केला होता, तो पोलीस तपासणीत अडकून पडलेला. मुलगा कुठे आहे, हे विचारलं की फाइल पुन्हा ढिगाच्या तळाशी जायची. नातीला पाहता येत नाही तर निदान बोलता यावं, म्हणून आंटी जर्मन शिकत होत्या. मला हे सगळं माहीत होतं, आणि तरीही त्या वहीकडे हात नेताना दिसल्या की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

त्या प्रश्न गुरुमुखीत लिहायच्या. मला गुरुमुखी वाचता येईना, म्हणून शेजारी बसून त्या ते वाचून दाखवायच्या. “बेटे, ये बता, छुरी ने क्या गुनाह किया जो ना मर्द में ना औरत में?” “सूरज जनानी और चाँद मर्द? इन्हें आसमान नहीं दिखता?” “बहू मुझे झी कहती है, मैं उसे डू कहूँ या झी?” मी उत्तर द्यायचे, त्या मान डोलवायच्या, आणि पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न चुन्नीच्या टोकानं चष्मा पुसत पुन्हा. पालथ्या घड्यावर पाणी! एकदा त्यांनी भर वर्गात, वहीबिही बाजूला ठेवून, सरांनाच विचारलं, “सरजी, ये लोग रब्ब को डू कहते हैं कि झी?” म्हणजे देवाला अरे-तुरे करतात की अहो-जाहो. सर म्हणाले, “डू.” आंटी खुश होऊन माझ्याकडे वळल्या, “साडे वरगे ही ने!” आपल्यासारखेच आहेत की. त्यानंतर वीस मिनिटं सगळा वर्ग देवाबद्दल बोलत राहिला आणि अकरावा धडा पुन्हा राहिला.

जानेवारीत मी सरांना गाठलं. सहा धडे बाकी होते, तास किती होणार ते कुणालाच ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, “सर, आंटींचे प्रश्न परीक्षेला येणारे नाहीत. त्यांचं थोडे दिवस थांबवा.” मला वाटलं सर मला शाबासकी देतील. सरांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, “ठीक है. आज से उनके सारे सवाल तेरे. घर जाके जवाब दे दिया कर. गली तो एक ही है.” घ्या! मी काढायला गेले काय आणि गळ्यात पडलं काय.

तेव्हापासून एक दिवसाआड मी मागच्या गल्लीनं त्यांच्याकडे जायला लागले. कर्फ्यू असला तरी मागच्या गल्लीत कुणी हटकायचं नाही; बायका तिथूनच एकमेकींना कढीपत्ता आणि विरजण पोचवायच्या. आंटींच्या अंगणात थंडीतलं ऊन उशिरापर्यंत रेंगाळायचं. बाजेवर बसलं की पुढ्यात काळं मीठ लावलेले माल्ट्याचे, म्हणजे तिकडच्या संत्र्याचे, काप यायचे, मग पिन्नी, मग स्टीलच्या उभ्या पेल्यात वेलदोडा घातलेला चहा. पिन्नी म्हणजे तुपात भाजलेल्या कणकेचा लाडू; आईच्या बेसनाच्या लाडवाहून मला तो जास्त आवडायचा, आणि हे मी आईला कधी सांगितलं नाही. खायला इतकं छान आणि शिकवायला इतका त्रास! त्यांना धातू चालवता यायचा नाही, लिंग लक्षात राहायचं नाही. मी चिडून वही आपटली की त्या शांतपणे म्हणायच्या, “ग़ुस्सा ना कर पुत्तर, पहले खा ले.” पुढे मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. वर्गात वही आपटायची वेळ आली की अजूनही तोंडाला तुपाची चव येते आणि हात थबकतो.

फेब्रुवारीच्या शेवटी गुरमीतचं पत्र आलं. मार्चमधल्या एका रविवारी तो फोन करणार होता आणि पहिल्यांदाच अनिताला फोनवर देणार होता. आपल्याकडचे साडेअकरा-बारा, म्हणजे तिथली सकाळ. पोरगी तोवर उठलेली असते असं त्यानं लिहिलं होतं. आंटींनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं. मग आम्ही तयारीला लागलो. तीन-चार मिनिटांचा फोन, तेवढ्यात काय काय विचारायचं याची मी बारा वाक्यं काढली. तुझं नाव काय? तू किती वर्षांची? आज काय खाल्लंस? बाहुली आहे का? बर्फ पडतो का? आंटी म्हणाल्या, “नाव तर मीच सुचवलंय, ते काय विचारायचं?” मी म्हटलं, “आंटी, पहिला धडा तोच आहे.” त्या म्हणाल्या, मला तिला सांगायचंय की मी कोण आहे, कुठे राहते, का येत नाही. मी म्हटलं, “तसली लांब वाक्यं सोळाव्या धड्यात आहेत. त्यात क्रियापद शेवटी जातं, तुमचा गोंधळ होईल. आधी ही बारा पाठ करा.” त्यांनी ते बारा प्रश्न गुरुमुखीत एका कागदावर उतरवून घेतले आणि माझ्यासमोर रोज म्हणून दाखवायला लागल्या. पंधरा दिवसांत एकही चूक राहिली नाही. मला वाटलं, ही बाई म्हणजे माझी परीक्षा, आणि मी पास झाले.

खरी परीक्षा फोनच्याच आठवड्यात गुरुवारी होती. बुधवारी दुपारी शहरात कुठेतरी गोळीबार झाला आणि गुरुवारी सगळं बंद. दोन दिवसांनी निरोप आला की पेपर आता रविवारी दुपारी एक वाजता, आणि दीडनंतर फाटक बंद. सुरक्षेचा नियम, कुणासाठी मोडणार नाही. रविवार म्हणजे फोनचा तोच रविवार. आंटी परीक्षेला बसणारच नव्हत्या, त्यांना कागद नको होता. मी मनात आखणी केली. साडेअकराला फोन, फार तर बारा. सायकलनं पंचवीस मिनिटं. पाऊण वाजता मी वर्गात. आई म्हणाली, “कशाला जातेस बाई तिकडे? त्यांचं त्या बघतील. आधी तुझं उरक.” मी म्हटलं, “अर्ध्या तासाचं तर काम आहे.”

साडेअकरा वाजता आम्ही दोघी टेलिफोनपाशी बसलो. आंटींनी नवा सलवार-कमीज घातला होता, जणू पोरगी बघणारच आहे. बारा वाजायला आले तेव्हा घंटी वाजली. राँग नंबर. सव्वाबाराला पुन्हा वाजली, पंचकुल्याहून आंटींची बहीण विचारत होती, “फोन आया क्या?” आंटी ओरडल्या, “तू रखेगी तो आएगा!” तरी ती बया दहा मिनिटांत परत फोन करून तेच विचारती झाली. साडेबाराला आंटींनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “जा पुत्तर. तेरा पेपर है. मैं कर लूँगी.” मी म्हटलं, “पाच मिनिटं.” पावणेएकला त्यांनी माझी पिशवी माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवली.

इथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगायची आहे, कारण ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मी थांबले ती आंटींच्या मायेनं नव्हे. त्यांना तो कागद पाठ होता, माझी त्यांना गरज नव्हती. मला ऐकायचं होतं. माझी बारा वाक्यं जर्मनीतल्या खऱ्या पोरीला कळतात का, हे मला माझ्या कानांनी ऐकायचं होतं. प्रश्नवहीत सरांची सही मिळायची, पण सर लुधियानाचे. ही सही अस्सल असणार होती. त्या हव्यासापायी मी घड्याळाकडे बघत होते आणि उठत नव्हते.

एक वाजून दहा मिनिटांनी फोन आला. आधी गुरमीत. दोन तास नंबर फिरवतोय, लाइनच मिळत नव्हती, म्हणाला. आंटी फक्त म्हणाल्या, “रोटी खा ली?” मग त्यांनी रिसीव्हर थोडा तिरका धरला आणि मी पलीकडून कान लावला. बारीक आवाज आला. आंटींनी कागद डोळ्यांसमोर धरून पहिला प्रश्न विचारला. “अनिता,” ती म्हणाली आणि खुदकन हसली. दुसऱ्याला म्हणाली, “चार.” तिसरा प्रश्न, आज काय खाल्लंस. त्यावर तिकडून जे काही सुरू झालं, भराभर, बोबडं, मध्येच श्वास घेत, त्यातलं मला ‘उंट’ एवढंच कळलं, म्हणजे ‘आणि’. वर्गात पहिली आलेली मी! चार वर्षांच्या पोरीनं न्याहरीत काय खाल्लं ते मला कळेना. आंटींचं काहीच अडलं नव्हतं. त्या “या, या”, म्हणजे हो, हो, म्हणत होत्या, डोळे पुसत होत्या आणि पुढचा प्रश्न वाचत होत्या. बर्फ झाला, बाहुली झाली. आणि मग त्या पोरीनं एकदम स्पष्ट, दुसऱ्या धड्यातलं वाक्य विचारलं, “ओमा, कोम्स्ट डू?”

आजी, तू येतेस? ते मलाही कळलं आणि आंटींनाही. त्यांनी कागदाकडे पाहिलं. वरून खालपर्यंत सगळे प्रश्नच होते. मी त्यांना बारा प्रश्न शिकवले होते आणि उत्तर एकही नाही. आपण शिकणारे, प्रश्न विचारायचे ते आपण. पलीकडची पोरगीही काही विचारेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आंटींनी रिसीव्हरवर हात ठेवला आणि मला विचारलं, “की दस्सां पुत्तर?” काय सांगू? ‘हो’ला काय म्हणतात आणि ‘नाही’ला काय म्हणतात, हे आम्ही पहिल्या दिवशीच शिकलो होतो. तो प्रश्न जर्मनचा नव्हताच. पण मी लाल पेनवाली. मला गप्प बसता येईना. मी म्हटलं, “बाल्ट. बाल्ट म्हणा.” आंटी फोनमध्ये म्हणाल्या, “बाल्ट.” तिकडे पोरीनं आनंदानं काहीतरी ओरडून कुणाला तरी सांगितलं, आणि लाइन तुटली.

“बाल्ट मतलब?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, “जल्दी. लवकर.” “जल्दी मतलब कितने दिन?” घड्याळात एक वाजून अठरा मिनिटं झाली होती. मी ओरडले, “आंटी, माझा पेपर!” आणि सायकल काढून पळाले. चंडीगडचे ते प्रशस्त सरळ रस्ते मला त्या दिवशी संपता संपेनात. एका चौकात पोलिसांनी पिशवी रिकामी करायला लावली. पेन, रुमाल, आईनं दिलेला लिमलेटच्या गोळ्यांचा पुडा, सगळं उलटंपालटं करून पाहिलं. फाटकाशी पोचले तेव्हा दीड वाजून बारा मिनिटं झाली होती. मी रडले, भांडले, पहारेकऱ्याला मराठीतही बोलले. भसीन सर आतून आले, गजांपलीकडे उभे राहिले आणि म्हणाले, “नियम मेरा नहीं है बेटा.” मग जाता जाता, माझं दुःख हलकं करायला की काय, म्हणाले, “पेपर आसान है. सारे तेरी कॉपी वाले सवाल.” म्हणजे प्रश्नवहीतलेच. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं.

घरी बाबा जेवताना एवढंच म्हणाले, “पुढच्या वर्षी दे.” मी म्हटलं, “पुढच्या वर्षी कुठे असू आपण?” आईनं मात्र आधी कपाळावर हात मारून घेतला आणि दोन दिवसांनी सगळ्या सेक्टरला, मिरजेला, पुण्याच्या मावशीला अभिमानानं सांगायला लागली, “एकट्या म्हातारीसाठी आमच्या पोरीनं परीक्षा सोडली हो.” मी तिला कधी दुरुस्त केलं नाही. आई जाईपर्यंत ही गोष्ट सांगत होती, आणि दर वेळी मी मान खाली घालायचे, ते तिला विनय वाटायचं.

दोनेक आठवड्यांनी दुपारी मागच्या दारात आंटी उभ्या. एका हातात खिरीचा वाडगा, दुसऱ्या हातात गुरमीतचं पत्र. अनिता रोज सकाळी दार उघडून जिन्यात बघते, ओमा आली का म्हणून विचारते, असं त्यानं लिहिलं होतं. आणि पुढे, आई, तिला काय सांगायचंय ते नीट सांग, पोरीला खोटी आशा लागलीय. आंटी जाळीपलीकडून म्हणाल्या, “पुत्तर, तू बता. ये बाल्ट कितना लंबा होता है? मैं तो बोल बैठी.” माझ्या आत इतके दिवस जे साठलं होतं ते एकदम बाहेर आलं. मी म्हटलं, “मुझसे मत पूछिए! मुझे कुछ नहीं आता. आपके सवालों ने मेरा पूरा साल खा लिया.” आणि जाळीच्या दाराला आतून कडी घातली. आई ओट्यापासून धावत आली, “अगं, काय बोलतेस हे!” आंटींनी वाडगा पायरीवर ठेवला आणि म्हणाल्या, “अच्छा पुत्तर.”

खीर आईनं नंदूला दिली. मी पुढचे सहा आठवडे मागच्या गल्लीत पाऊल टाकलं नाही. जायचं मनात यायचं, पण गेले असते तर काय सांगितलं असतं? ती फाइल ढिगातून कधी वर येणार हे त्या पोलिसालाही माहीत नव्हतं, मी कोण सांगणार. ‘बाल्ट’ हा शब्द मात्र मीच दिला होता. त्या पुढे जर्मनीला गेल्या की नाही, मला माहीत नाही. मी कधी पत्र टाकलं नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बदलीची ऑर्डर आली, या वेळी नागपूर. ट्रक आदल्या दिवशी गेला होता, आम्ही ऑटोरिक्षात सामान कोंबत होतो. मोहिंदर आंटी आल्या. आईच्या हातात पराठ्यांचं आणि लोणच्याचं पुडकं दिलं, नंदूच्या डोक्यावरून हात फिरवला, बाबांना सत श्री अकाल केला. मग माझ्याजवळ आल्या आणि मला पोटाशी धरलं. मी वाट पाहत होते. त्यांनी काहीही विचारावं, सुरीचं विचारावं, सूर्याचं विचारावं, ‘बाल्ट’चं विचारलं तरी चालेल, या वेळी मी नीट उत्तर देणार होते, उत्तर नाही असं तरी नीट सांगणार होते. त्यांनी माझी ओढणी सारखी केली, “ख़ुश रह पुत्तर,” म्हणाल्या आणि बाजूला झाल्या. रिक्षा वळून त्या दिसेनाशा होईपर्यंत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.